लाल टिकली

पर्वत पाटियाला पर्वत नाही. सासरे पहिल्यांदा सुरतेला आले तेव्हा रिक्षातून उतरून त्यांनी चहूकडे मान फिरवली होती. माणूस सातारचा. घराच्या गच्चीतून अजिंक्यतारा दिसतो, त्यामुळे ‘पर्वत’ म्हटल्यावर निदान एखादी टेकडी तरी त्यांना हवी होती. दिसले ते कापडाच्या गाठोड्यांनी लादलेले टेम्पो, आणि ऐकू आली ती माळ्यामाळ्यावर चाललेल्या एम्ब्रॉयडरी मशिनींची घरघर. पर्वत हे गावाचं नाव आणि पाटिया म्हणजे त्या गावाकडे वळायच्या नाक्यावरची पाटी, असं मी समजावलं. “म्हणजे पाटी खरी, पर्वत खोटा,” म्हणाले आणि पिशवी उचलून चालू लागले.

यंदा ते स्वतःच एक खऱ्याखोट्याचं प्रकरण घेऊन आले. चष्म्याच्या डबीतून त्यांनी एक कापडी बिल्ला काढला. काळ्या बनातीचा चौकोन, मधोमध लाल दोऱ्यानं भरलेला गोळा. बास, एवढंच. वाघ नाही, सिंह नाही, तलवार नाही. त्यांचे वडील पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांत ही बटालियन इटालियनांशी लढली. घरात केरेनचं केव्हाच ‘किरण’ होऊन गेलं होतं. आजोबा कुणा किरणशी भांडायला परदेशी गेले होते, अशी माझ्या बायकोची बरीच वर्षं समजूत होती. त्या वेळी बटालियन पाचव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती आणि लाल गोळा ही त्या डिव्हिजनची खूण. ‘बॉल ऑफ फायर’, आगीचा गोळा. गोऱ्या शिपायांनी त्याला ठेवलेलं दुसरं नाव मात्र इथे छापता येणार नाही. शरीराच्या ज्या भागावरून ते ठेवलं, तो आपल्याला झणझणीत मिसळीच्या दुसऱ्या दिवशी आठवतो.

तर साताऱ्यात एका हौशी संग्राहकानं हा बिल्ला हातात घेतला, उलटासुलटा केला आणि “डुप्लिकेट वाटतोय” म्हणून परत दिला. सासऱ्यांना ते फार लागलं. “जावईबापू, तुमची लाइनच भरतकामाची. काय ते एकदा बघून सांगा.”

लाइन माझी खरी, पण मी पंचिंगवाला. साडीवरचा मोर संगणकाला टाक्याटाक्यानं समजावून सांगायचा, हे माझं काम. त्यातले निम्मे मोर दुसऱ्याच्या साडीवरून उडून आलेले असतात. सकाळी एका मार्केटात लागलेलं डिझाइन संध्याकाळी दुसऱ्या मार्केटात दिसतं, अशा गावात मला अस्सलतेचा पंच नेमण्यात आलं होतं.

पहिलं काम, पाठ बघायची. हे मला मामींनी, म्हणजे सासूबाईंनी, पैठणी घेताना शिकवलेलं: हातमागाची असेल तर पदर पाठीकडूनही तितकाच देखणा. बिल्ल्याचं शास्त्र नेमकं उलटं निघालं. पाठ जितकी गबाळी तितकी आशा जास्त. आजचं मशीन मागे नॉनवोव्हन कागद लावतं, बॉबिनचा पांढरा दोरा एकसारखा सोडतं. इथे गाठी, दोन ठिकाणी लोंबते दोरे, आणि दोरा संपल्यावर कुणीतरी जरा वेगळ्या लालनं पूर्ण केलेला कोपरा. युद्धात हिंदुस्थानात असले बिल्ले ठिकठिकाणच्या दर्ज्यांकडूनही करून घेतले जात. सातासमुद्रापलीकडून एकसारखा माल येईल म्हणून कोण थांबणार? त्यामुळे एकाच डिव्हिजनचे दोन बिल्ले एकमेकांशी जुळत नाहीत. १९४२ मध्ये ब्रह्मदेशातून माघार घेतलेल्या सतराव्या डिव्हिजननं पुढे काळी मांजर ही खूण घेतली. आडवं गेलं तर आपण परत फिरतो तेच जनावर दंडावर लावून आपली माणसं लढायला गेली, हे मला अजून पचलेलं नाही. ते असो. मांजर नीट काढायला कसब तरी लागतं. लाल गोळा कुणीही काढील.

मशीनवरचा आमचा कारागीर धुळ्याकडचा. त्यानं डोकावून पाहिलं. “हाई काय शे दादा? टिकली? दोन मिन्टमा काढी देस.” सासऱ्यांनी बिल्ला मुठीत धरला.

दुसरी परीक्षा जाळून बघायची. सुरतेत कापडवाल्याला भाषेआधी ही येते. दोरा काडीवर धरला आणि राख होऊन कागद जळल्याचा वास आला तर सुती. वितळून काळा मणी झाला तर पॉलिएस्टर. पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडात प्रयोगशाळेत निघाला, बाजारात आला तो युद्ध संपल्यावर. म्हणजे मणी झाला की खेळ खलास. काडीपेटी बघून सासरे म्हणाले, “बाबांना एकदा अग्नी दिलाय मी.” पेटी परत खिशात गेली.

मग तिसरी. खालच्या साडीच्या दुकानात नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. हल्लीच्या धाग्यात आणि धुण्याच्या पावडरीत टिनोपालच्या जातीचा उजाळा असतो, तो या प्रकाशात निळसर चमकतो. युद्धकाळातला दोरा मुकाट पडून राहतो. आम्ही दुकानाचं शटर अर्धं ओढलं. माझा शर्ट चमकला, सासऱ्यांचं धोतर ट्यूबलाइटसारखं पेटलं, आणि पाठोपाठ बिल्लाही चमकला. सासरे स्टुलावर बसले. मी काहीबाही बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात साताऱ्याहून मामींचा फोन आला. “पोचला का बिल्ला? दिवाळीत चांगला पावडरीत भिजवून घासलाय मी. ट्रंकेत किती कळकट झाला होता!”

नकली बिल्ले विकणारे जुनेपणा आणायला माल चहाच्या पाण्यात बुडवतात. आमच्या घरी अस्सल माल धुऊन नकली केला होता.

अखेर भिंग घेऊन बसलो. बनातीला कसर लागलेली होती, चार बारीक भोकं. त्यातलं एक लाल गोळ्याच्या काठाखाली. कापड खाऊन गेलं होतं, पण त्यावरचे दोरे शाबूत, ओढ्यावरच्या साकवासारखे आरपार ताणलेले. कसर लोकर खाते, सुताला तोंड लावत नाही. पॉलिएस्टरलाही लावत नाही, हे मला माहीत होतं. पण मघाशी दिव्याखाली धरताना बिल्ल्याचा एक टाका सुटून शर्टावर पडला होता आणि सासरे चहा आणायला गेले होते. मी काडी ओढली. चिमूटभर राख झाली, कागदाचा वास आला. ते परतले तेव्हा पंखा फुल्ल होता.

“अस्सल आहे,” मी म्हणालो. “कशावरून?” “कसरीवरून.” त्यांनी मान डोलावली. कसरीवर त्यांचा त्या संग्राहकापेक्षा जास्त विश्वास दिसला.

जाताना कारागिरानं त्यांच्या हातात पुडकं ठेवलं. वीस हेडचं मशीन, एका दमात वीस लाल गोळे. काठ ओव्हरलॉक, पाठीला कागद, कंपासनं काढल्यासारखे गोल. मूळचा जरा अंडाकृती आहे, हे तेव्हा प्रथम लक्षात आलं.

परवा मामींनी फोनवर सांगितलं, बिल्ला फ्रेम करून आजोबांच्या फोटोशेजारी लावला. कुठला, मी विचारलं.

“नवा. जुना धड गोलसुद्धा नाही.”