कैचीचा स्क्रू

श्रीगोंद्यातल्या आमच्या सलूनमध्ये मागाल ते मिळतं. पेपर, माठातलं पाणी, मोबाइलचा चार्जर, साखर कारखान्याच्या निवडणुकीचा आगाऊ निकाल. कैची मात्र मिळत नाही. आमचा तालुका लिंबांचा. त्यामुळे हंगामात कुणी ना कुणी गोणीची सुतळी कापायला हात पुढे करतोच. एरवी मऊ बोलणारे सलूनवाले नाना मग कैची खिशात घालतात आणि त्याच्याच दातांकडे बोट दाखवतात. एकदा एका मुलीच्या बापाला पेपरातली स्थळाची जाहिरात कापून हवी होती. नानांनी ती वहीच्या पानावर स्वतः लिहून दिली, पण कैची दिली नाही.

नानांचंच बरोबर आहे. सुतळीत माती असते आणि कागदात गुळगुळीतपणासाठी घातलेली खनिजांची पूड. केसासाठी लावलेली नाजूक धार असल्या मालावर बघता बघता मरते. आणि कैची बिघडली हे नानांच्या आधी गिऱ्हाइकाच्या कानामागच्या केसांना कळतं.

पण धारेपेक्षा नानांचा जीव स्क्रूत. सकाळी दुकान उघडलं, की उदबत्ती नंतर, कैची आधी. सांध्यातला केसांचा भुगा पुसायचा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडायचा, चार वेळा उघडझाप करून बाहेर आलेलं काळं तेल टिपायचं. मग परीक्षा. एक कडं धरून दुसरं पातं आडवं होईपर्यंत उघडायचं आणि सोडून द्यायचं. धपकन मिटलं तर स्क्रू ढिला. जागचं हललंच नाही तर घट्ट, संध्याकाळी अंगठा दुखणार. थोडं मिटून मध्येच थांबलं, की नाना खूश. ढिल्या कैचीत केस तुटत नाही, दोन पात्यांमध्ये दुमडतो आणि ओढला जातो. खुर्चीतला माणूस मग आईची आठवण काढतो.

मिटलेली कैची उजेडापुढे धरा, पात्यांमध्ये बारीक फट दिसेल. ती कारागिराने मुद्दाम ठेवलेली असते. पाती एका वेळी एकाच जागी भेटतात, आणि ती जागा स्क्रूकडून टोकाकडे सरकत जाते. सायकलवर साण फिरवणारा धारवाला विळ्या-सुऱ्यांना उत्तम. त्याच्या हाती ही कैची दिली आणि त्याने आतली खोलगट बाजू घासून सपाट केली, की ती फक्त मिशांच्या फोटोशेजारी भिंतीवर टांगायला उरते. म्हणून नाना ती जाणकाराकडे पुण्याला पाठवतात. त्यांच्या वडिलांच्या धोकटीतली मेरठची जुनी कैची त्या मानाने सोशीक. मेरठच्या कैच्यांना २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे भंगारातल्या पोलादाची पाती घडवतात. तेव्हा पूर्वजन्मी ही कैची एखाद्या ट्रकचा पाटा असावी, असं मी आपलं मानतो.

सर्वांत वाईट दिवस कोरोनाचे. २८ जून २०२० ला राज्यातली सलून उघडली, तीही केस कापण्यासारख्या मोजक्याच कामांना, दाढीला बंदी. दर गिऱ्हाइकामागे कैचीला सॅनिटायझरची आंघोळ. अल्कोहोलने विषाणू जातो तसं सांध्यातलं तेलही जातं, त्यामुळे दुपारपर्यंत कैची कुरकुरायला लागे. नाना मास्कच्या आतून सरकारपेक्षा त्या बाटलीलाच जास्त बोलायचे.

हे सगळं ऐकून मी आमची स्वयंपाकघरातली कैची त्यांच्याकडे नेली. दुधाच्या पिशव्या, कोथिंबिरीच्या काड्या, मुलांचे प्रकल्प, मांजरीच्या गळ्यातली दोरी असा तिचा अनुभव दांडगा. नानांनी ती दोन बोटांत धरली, पातं सोडून पाहिलं. ते खाली आलं आणि कड्यासकट लटकत राहिलं. त्यांनी स्क्रू आवळला, तेल सोडलं, पुसून माझ्या हातात दिली. पैसे घेतले नाहीत.

म्हणाले, “गुरुजी, एवढंच करा. ही माझ्या दुकानातून दुरुस्त करून नेली, असं गावात कुणाला सांगू नका.”