आधी गाव हलवा, मग वारसा जपा

इंग्लंडात डॉर्सेट परगण्यात मिल्टन ॲबी हा जुना मठ आहे. 1539 साली आठव्या हेन्रीने तिथल्या साधूंना घरी धाडलं. 1752 मध्ये जोसेफ डॅमर या धनिकाने ती जागा घेतली. साहेबांना खिडकीतून हिरवळ दिसायला हवी होती, पण दिसायचं मिडलटन गाव: बाजार, शाळा, दारूचे गुत्ते. मग काय, गावच उठवलं! एक वकील घर सोडेना, तर तळ्याचं पाणी त्याच्या घरात सोडलं म्हणतात. पठ्ठ्या कोर्टात जाऊन जिंकला. बाकीच्यांना टेकडीआड, नजरेआड, गवती छपराची एकसारखी घरं मिळाली; एका दारात दोन बिऱ्हाडं. तेच आजचं मिल्टन ॲबस. मोकळ्या जागेवर कॅपेबिलिटी ब्राऊन या उद्यानरचनाकाराने अगदी 'नैसर्गिक' निसर्ग रचून दिला.

आज तिथे कुणी साधी शेड घालू म्हटलं, तर आधी प्रश्न येणार: परिसराच्या ऐतिहासिक स्वरूपाचं काय? रास्तच आहे. हिरवळ खरंच सुंदर आहे, जपायलाच हवी. फक्त धडा ध्यानात ठेवा: शेड बांधली तर अतिक्रमण, अख्खं गाव पुसून अडीचशे वर्षं थांबलात, तर वारसा!