पंचेचाळीसचा अंमल

घोडेगावच्या तहसील कचेरीत उभी हयात कारकुनी केल्यामुळे छापील हुकुमाविषयी माझ्या ठायी जो आदर मुरला आहे, तो निवृत्तीनंतर घेतलेल्या मोटारसायकलीच्या पुस्तिकेलाही आपोआप लाभला, यात नवल नाही. पहिले १००० किलोमीटर ताशी ४५च्या वर जाऊ नये, पुढील १००० किलोमीटर ५५ची मर्यादा पाळावी, एकाच वेगाने फार काळ जाऊ नये, चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिन रेटू नये, थंड इंजिन सुरू होताच पिळू नये आणि पहिल्या सर्व्हिसिंगला ऑइल न चुकता बदलावे, अशी कलमे तीत होती. आणि सर्वांच्या शेवटी, जिथे आमच्याकडे सही-शिक्का असे तिथे, वॉरंटी रद्द होण्याची धमकी होती.

हा हुकूम काढणाऱ्याने आमचे पेठ पाहिलेले नसावे. पुणे-नाशिक रस्त्यावर दक्षिणेस खेडचा घाट आणि उत्तरेस अवसरीचा, अशा दोन घाटांच्या मधोमध सातगाव पठारावर वसलेल्या या गावचा रहिवासी मंचरास बाजाराला जावो अथवा राजगुरुनगरास कोर्टाच्या तारखेला, जाताना उतरावे व परतताना चढावे, हे त्याच्या कपाळी लिहिलेलेच आहे. इंजिनास चढाची तोशीस नको असेल, तर पठारावरच कुरवंडी, कारेगाव, भावडी अशी निष्कारण भ्रमंती करणे प्राप्त होते. मी ती केली. परंतु महसूल खात्यातला एक माणूस, जवळ कसलाही कागद नसताना, बटाट्याच्या वावरांकडे पाहत संथपणे फिरतो आहे, हे दृश्य, पुणे-नाशिक रेल्वेच्या भूसंपादनाच्या वार्तेने आधीच कान टवकारलेल्या शेतकऱ्यांना निरुपद्रवी वाटेना. “भाऊसाहेब, मोजणी आली काय?” असे बांधावरून विचारले जाई, आणि “नाही हो, गाडी रनिंगमध्ये आहे,” हे माझे उत्तर म्हणजे खात्याने पढवून पाठवलेली सबब आहे, अशी त्यांची खात्री होई.

मंचरच्या मिस्त्रीने मात्र मला या फर्मानामागील शास्त्र समजावून दिले. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक, आडवेतिडवे चरे पाडलेले असतात. त्यांत ऑइल टिकून राहते, आणि चऱ्यांच्या कडांवर घासून घासून पिस्टनच्या रिंगा भिंतीशी नेमक्या जुळतात. त्यालाच ‘रिंगा बसणे’ म्हणावयाचे. त्या बसल्या, की जळत्या वायूचा दाब खाली निसटत नाही आणि खालचे ऑइल वर चढून धूर करीत नाही. या झटापटीत निघणारा धातूचा कीस ऑइलात उतरतो, म्हणून ते पहिले ऑइल लवकर काढून टाकावयाचे. घाई केली, तर इंजिन तापून पिस्टन जाम होतो. “पण फार लाडानं चालवली,” मिस्त्री पुढे म्हणाला, “तर चऱ्यांवर गुळगुळीत थर चढतो आणि रिंगा बसतच नाहीत.” हे परंतुक माझ्या गैरसोयीचे असल्याने मी ते तत्काळ दप्तरी दाखल केले.

कारण खरी गोष्ट अशी, की पंचेचाळीस हा माझा पिंडाचाच वेग आहे. पूर्वी स्कूटर होती तेव्हा बटाट्याच्या गोण्यांनी लादलेली ट्रॉलीसुद्धा मला मागे टाकी, आणि तिच्यावर बसलेली पोरे वळून हसत. आता तीच पोरे “नवी गाडी हाय, रनिंगमध्ये असंल,” असे परस्परांस आदराने समजावतात. जो भित्रेपणा इतकी वर्षे निव्वळ स्वभावदोष म्हणून गणला गेला, त्यास कारखान्याने लेखी सनद दिली. विलायतेत एके काळी नव्या मोटारीच्या पाठीवर ‘इंजिन बसवीत आहोत, कृपया पुढे जावे’ या आशयाची पाटी लावीत असत म्हणे. तशी एक रंगवून घ्यावी, असे माझ्याही मनात आले होते, परंतु घरातून विरोध झाला.

आमच्या आळीतील बैलगाडामालकाचे मत सर्वस्वी निराळे. २०१४च्या सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीने सुने पडलेले शर्यतींचे घाट डिसेंबर २०२१च्या अंतरिम आदेशाने पुन्हा गजबजले, आणि चार बैल व पुढे घोडी, अशा त्याच्या बारीने एका यात्रेत नंबर काढून बक्षिसाची मोटारसायकल मिळवली. ती आणि माझी विकत घेतलेली, एकाच महिन्यात आळीत आल्या. जी वस्तू अवघ्या काही सेकंदांच्या बेफाम धावण्याने पदरात पडली, ती पंचेचाळीसच्या चालीने घरी आणणे त्यास बैलांचा अवमान वाटला असावा. त्याचा मुलगा ती घेऊन घाटावरून निघाला तो थेट घरापर्यंत मूठ पूर्ण पिळूनच. “भाऊसाहेब, खोंडाला पयल्यांदाच घाट दावला न्हाय, तर ते जलमभर चालतच ऱ्हातंय,” असे तत्त्वज्ञान त्याने मला ऐकवले. इंजिन सुरुवातीपासून ताणावे, म्हणजे दाबाने रिंगा चांगल्या बसतात, असे मानणारा एक पंथ जाणत्या मिस्त्र्यांतही आहे, हे मला नंतर कळले. वर्ष उलटून गेले तरी दोन्ही गाड्यांची प्रकृती सारखीच उत्तम आहे, याचे मला वैषम्य वाटते. नियमभंगाबद्दल निदान थोडा धूर तरी निघावयास हवा होता.

पहिले १००० किलोमीटर सरले, तेव्हा ५५ची जी सवलत मिळाली, तिचा उपभोग मी घेतला नाही. परंतु दुसऱ्या हजाराचीही अखेर दिसू लागली, तसा मी अस्वस्थ झालो. त्यानंतर माझ्या मंदगतीस कोणताही कायदेशीर आधार उरणार नव्हता. मुदतवाढीचे एखादे कलम सापडते का, म्हणून पुस्तिका पुन्हा चाळली, शेवटी मंचर गाठले, तेव्हा मिस्त्रीकडून कळले, की इंजिन खोलून बोअर केले आणि नवा पिस्टन, नव्या रिंगा टाकल्या, की रनिंगचा सारा विधी पहिल्यापासून करावा लागतो. मी उमेद धरून विचारले, की हे काम साधारण केव्हा निघेल?

त्याने एकवार किलोमीटरच्या आकड्याकडे आणि एकवार माझ्याकडे पाहिले.

“या चालीनं, भाऊसाहेब, बोअरचं काम तुमचा नातूच करून घेईल.”

नातू सध्या तिसरीत आहे.