तेविसावे निग्रहस्थान

गौतमाच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याच्या 22 जागा सांगितल्या आहेत. त्यांना निग्रहस्थाने म्हणतात. आमच्या ऑफिसात 23वे आहे: कनिष्ठ असणे.

अप्रेझलचे वारे वाहू लागले की साहेबांमधला नैयायिक जागा होतो. "सहकाऱ्यांना दुखावणं कधी थांबवणार?" हा त्यांचा ठरलेला पहिला प्रश्न. 'थांबवलं' म्हणालात, तर आजवर दुखावत होतात. 'थांबवणार नाही' म्हणालात, तर बोलणंच खुंटलं. "मी कुणाला, कधी दुखावलं?" एवढं विचारणं हाच त्यावर सरळ उपाय, पण साहेबांना उलट प्रश्न विचारला की ते दुखावतात, आणि तेही सहकारीच.

एका प्रश्नात दोन प्रश्न दडवण्याची ही चलाखी अ‍ॅरिस्टॉटलने केव्हाच नोंदवून ठेवली होती. लोक सावध होतील, अशी त्याची भाबडी समजूत असावी. एचआरने त्या चलाखीचा फॉर्मच काढला: 'आपल्या त्रुटींची कारणे लिहा (किमान तीन).'

छलाचं, म्हणजे समोरच्याच्या बोलण्याचा भलताच अर्थ काढण्याचंही तेच. वाक्छलाचं जुनं उदाहरण नवकंबलाचं. एकजण म्हणतो, याच्याकडे नव कंबल आहे, म्हणजे नवं कांबळं. दुसरा विचारतो, नऊ कुठायत, एकच तर दिसतंय! किती सोज्वळ काळ तो. आमच्या अकाउंट्समधल्या बाई "एवढं काम एकटीने होणार नाही" म्हणाल्या. मिनिट्समध्ये उरलं 'काम होणार नाही'. कुणी रविवारी यायला नकार दिला की, "म्हणजे कंपनी बुडाली तरी चालेल?" (एका रविवारने बुडणारी कंपनी एरवी तरते कशी, हे विचारू नये.)

वितंडेत तर साहेबांचा हात कुणी धरणार नाही. स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा पाडणे, ही तिची शास्त्रोक्त व्याख्या. आम्ही तीन पर्याय दिले, तिन्ही पडले. मग तुमचा कोणता, सर? "ते मीच सांगायचं, तर तुम्ही कशाला?"

परवा एक नवा मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, प्रश्नातच आरोप आहे. आधी तो सिद्ध करा ना."

"अरे, इतका चिडतोस कशाला?"

"मी चिडलो नाहीये."

"बघा, परत चिडला."

चौथ्या खेपेला तो खरंच चिडला. साहेबांनी समाधानाने पेन उघडलं आणि पुढच्या वर्षाच्या उद्दिष्टाच्या रकान्यात लिहिलं: रागावर नियंत्रण.