दहाच्या आत गाणारं भूत

अगं, पापड वाळत घालून झाले असतील तर ये जरा भिंतीशी. हळू बोल. तिसऱ्या मजल्यावर त्याची आई गॅलरीत उभी असते.

त्याची म्हणजे कोणाची काय विचारतेस! तोच तो, काळा शर्ट, काळी पॅन्ट, नखांनासुद्धा काळं रंगवतो तो. मुलुंडच्या मे महिन्यात, बाई! शनिवार आला की आणखी तिघं येतात, खिडकीला गाद्या उभ्या लावतात आणि सुरू. मी आधी समजले घरात काहीतरी वाईट झालं. गाणं कुठलं, ते कण्हणंच. खालून ड्रमचा ठोका, वरून लांबलेला सूर, जसं काही कोणी विहिरीतून हाका मारतंय.

मग काय, मीटिंगमध्ये विषय निघाला. सेक्रेटरींनी नियम वाचून दाखवला, राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि दहा ते सहा एकदम चूप. डेसिबल म्हणजे काय ते सेक्रेटरींनाही नीट माहीत नव्हतं. कोणीतरी फोनवर मोजायचं अ‍ॅप उतरवलं. पोराचा आवाज मोजला आणि हौसेने माझा मिक्सरही मोजला. माझ्या चटणीचा आकडा जास्त! विषय तिथेच मिटला.

पण मला राहवेना. विरजण मागायला म्हणून गेले वर. खोटं कशाला बोलू, बघायलाच गेले. पोरगा चांगला आहे गं, 'आजी बसा' म्हणाला. जमिनीवर ओळीने डब्या मांडलेल्या, त्यांना म्हणतात पेडल. एक पायाने दाबली की तार एकदाच छेडायची आणि ती सहा वेळा परत येते. दुसरी दाबली की सूर पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखा खरखरीत. तो म्हणाला, आजी, आमचं गॉथिक आणि सायकेडेलिक मिळून आहे. गॉथिक म्हणजे काळोख, कबरी, पडकी चर्चं, आणि सायकेडेलिक म्हणजे ऐकणाऱ्याचं डोकं गरगरलं पाहिजे. मी म्हटलं, म्हणजे रत्नाकर मतकरींची गूढकथा आणि वर भांगेचा पेला. तर टाळ्या वाजवायला लागला!

मला हे नवीन नाही, म्हणून तर कळलं. आमचे धाकटे दीर सत्तरच्या दशकात असेच होते. केस खांद्यापर्यंत, पॅन्टचा घेर माझ्या परकराएवढा. सासूबाई म्हणायच्या, हा इंग्रजी गोंधळ्यांच्या नादी लागला. मग कोणीतरी सांगितलं की त्या गोंधळ्यांत आत्माराम भेंड्यांचा मुलगा आहे, तेव्हा कुठे निवळल्या. 'झोपी गेलेला जागा झाला'वाले भेंडे, सासूबाईंचं दैवत. त्यांचा नंदू रॉक गायचा. १९७४ला अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' बसवलं त्यात हा झाला जूडास. पुढे पु. लं.च्या 'तीन पैशाचा तमाशा'त होता, १९७८ साली, आणि 'डिस्को डान्सर'मधलं ते 'कृष्णा धरती पे आजा तू' त्याचंच. एवढा गुणी मुलगा, पण आपल्या लोकांना तो भेंड्यांचा मुलगा म्हणूनच जास्त माहीत. २०१४ला गेला बिचारा.

आणि त्या नाटकात येशू कोण होता माहितेय? मधुकर चंद्रदास. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट नावाच्या बँडचा गायक. दिरांचा जीव ह्या बँडवर. बँड मुंबईचाच, बेस वाजवायला कीथ कांगा. तेव्हा ह्या पोरांना पैसे कोण देणार, तर हॉटेलवाले आणि सिगारेटवाले. सिमला सिगारेटवाल्यांनी तर बँडांची स्पर्धाच भरवली, १९७० आणि ७१ला. कुलाब्यात स्लिप डिस्क म्हणून एक जागा होती, १९७२ला लेड झेपेलिन ह्या बड्या विलायती बँडचे दोघे तिथे येऊन सहज वाजवून गेले. त्या रात्री दिरांना ताप होता. ते दुःख आम्ही दर गणपतीत ऐकतो, आरतीनंतर, प्रसादाच्या आधी.

पण खरी गंमत पुढे. अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट इतकी वर्षं वाजवत होते, आणि रेकॉर्ड किती? एक! 'ऑब्सेशन ७७' नाव तिचं आणि बाजारात आली १९८१ला, तोवर बँड मोडलेला. बारशाचं आमंत्रण बाराव्याला पोचावं तसं. कोणी ढुंकून बघितलं नाही. दिरांनी तेवढी घेतली, कपाटावर ठेवली. मग तीस वर्षांनी, २०११ला, लॉस एंजेलिसच्या नाऊ-अगेन नावाच्या कंपनीने ती पुन्हा काढली, आणि परदेशातले शौकीन मूळ तबकडी शोधायला लागले. दीर धावत कपाटाकडे. जाऊबाई शांतपणे म्हणाल्या, ती ना, ती रंगकामाच्या वेळी रद्दीवाल्याला दिली, पत्र्याच्या डब्याबरोबर. तीन दिवस अबोला होता घरात! मी जाऊबाईंच्या बाजूने आहे, स्पष्टच सांगते. धूळ कोण पुसत होतं इतकी वर्षं?

तर माझं म्हणणं असं की, ह्या पोरांचं गाणं कधी संपलं नाही, त्यांना गायला जागा तेवढी संपत गेली. धोबीतलावचं रंगभवन आठवतं? १९८६पासून तिथे स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला रॉक बँडांचं संमेलन, इंडिपेंडन्स रॉक, व्हायचं. आपल्या सेंट्रलच्या पोरांना सोयीचं, व्ही. टी.ला उतरायचं आणि चालत जायचं. माझा भाचा दरवर्षी जायचा आणि दुसऱ्या दिवशी मान धरून बसायचा, ती डोकी आपटतात ना हवेत. मग २००० सालचे आवाजाचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट ह्यांच्या भोवती शंभर मीटर शांतता. रंगभवनाच्या एका अंगाला कामा, जी. टी. ही हॉस्पिटलं, दुसऱ्या अंगाला झेवियर कॉलेज, आणि वर कोर्ट. झालं, कुलूप. बरोबरच आहे म्हणा, बाळंतिणीच्या उशाशी ड्रम कोण वाजवू देईल? पण दुसरी जागा द्यायची कोणाला आठवण झाली नाही.

मग ते इंडिपेंडन्स रॉक पुढे काही वर्षं अंधेरीला, चित्रकूट मैदानावर. भाच्याला घाटकोपरहून अंधेरी म्हणजे दादरला पूल ओलांडून गाडी बदला, रात्री परतताना शेवटच्या लोकलमागे पळा. घाटकोपर-वर्सोवा मेट्रो आली २०१४ला, तोवर भाचा बोहल्यावरून उतरून होमलोनला लागला होता. आणि त्याच अंधेरीत १९९६ला मायकल जॅक्सन आला, तेव्हा सरकार करमणूक कर माफ करायला निघालं होतं! मोठ्याचा तो जलसा, आपल्या पोरांचा तो कलकलाट.

तरी चिवट आहेत हं. तिसऱ्या मजल्यावरच्याने मला सांगितलं, डेमॉनिक रिसरेक्शन म्हणून मुंबईचाच बँड आहे, २०००पासूनचा. नाव राक्षसी, गाणं त्याहून. २०१०ला नॉर्वेत वाजवून आले, त्याच वर्षी ब्रिटनच्या मेटल हॅमर मासिकाचा पुरस्कार. २०१७च्या रेकॉर्डचं नाव काय, तर 'दशावतार'! मत्स्य, कूर्म, वराह ओळीने. मी ऐकलं थोडं. वराह आला की नरसिंह, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि त्यांचा म्होरक्या, साहिल मखिजा, तो यूट्यूबवर स्वयंपाक शिकवतो! नोकरीबिकरीपेक्षा बरं, मी म्हणते. दुसरे एक अल्बट्रॉस, तेही मुंबईचे, ते आख्खी भुताची गोष्टच गाण्यांतून सांगतात. त्यांच्या एका रेकॉर्डचं नाव 'डिनर इज यू'. जेवणाला तूच! आमच्या सासूबाई असत्या तर मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्या.

ह्या पोराच्या बँडचा पहिला कार्यक्रम येत्या शनिवारी आहे, अंधेरीलाच कुठल्याशा छोट्या जागेत. साठ माणसं मावतात म्हणे. पैसे मिळणार नाहीत, उलट ड्रम न्यायला टेम्पो ह्यांच्याच खिशातून. आणि दहाच्या आत आटपायचं. मी म्हटलं, अरे, भुतं बाराला निघतात, तुमचं दहाला घरी कसं? तर म्हणाला, आजी, हॉलवाल्याने तसं लिहूनच घेतलंय.

मागे लावायला काळा पडदा हवा होता त्यांना. भाड्याने घ्यायचे म्हणत होते. माझी पहिल्या संक्रांतीची चंद्रकळा होती ट्रंकेत, ठिपक्यांची. दिवे पडले की खड्यांसारखी चमकेल गं. आता हळदीकुंकवाला काही मी नेसणार नव्हते, दिली काढून. काठाला टाचण्या मारू नका एवढंच सांगितलं.

अगं, ती बघ आली गॅलरीत. विषय बदल. चंद्रकळेचं तिला ठाऊक नाहीये, उगाच म्हणेल की ही म्हातारी पोराला फूस लावते. हां... तर काय विचारत होते मी, ह्या खेपेला पापडखार कुठनं आणलास गं?