काय झालं हो?

कशेडी घाटात पाऊस कोसळत असतो. पोलादपूर मागे पडलेलं, खेड अजून लांब, मोबाइलला रेंज नाही. टेम्परेचरचा काटा चढलेला बघून तुम्ही गाडी कडेला घेता, बॉनेट उचलता. वाफ जरा विरते तोवर तुमच्या डोक्याशेजारी दुसरं एक डोकं वाकलेलं असतं. हा गृहस्थ कुठून उगवला ते आपण विचारायचं नसतं. तोच विचारतो, "काय झालं हो?"

उत्तराची त्याला गरज नसते. तुम्ही "अहो, मघापासून..." इतकं म्हणेपर्यंत मागच्या चाकाला दगड लागलेला असतो आणि झाडाचा एक टहाळा वीस पावलं मागे रस्त्यात पडलेला असतो. गाडीबरोबर मिळालेला लाल त्रिकोण डिकीत चार बॅगांखाली सुखरूप असतो. टहाळा मात्र प्रत्येक ट्रकवाल्याला बरोबर कळतो.

मग तो मोटारसायकलची सीट उचलतो. खाली जुना प्लग, क्लचची वायर, तारेचं भेंडोळं आणि अर्धी वापरलेली एम-सील. एवढ्या ऐवजावर तो कुठल्याही मोटार कंपनीशी दोन हात करायला तयार असतो. पेट्रोलची टाकी पाझरत असेल तर अंगाचा साबण घासायचा. रेडिएटर गळत असेल तर गाडीच्या काचेतून आत डोकावून विचारायचं, "वहिनी, हळद आहे का?" गणपतीला गावी निघालेल्या वहिनींच्या पिशवीत हळद असतेच. या हळदीवर गाडी पुढच्या गॅरेजपर्यंत खरंच जाते, आणि पुढचा गॅरेजवाला रेडिएटर उघडून कपाळावर हात मारतो.

पण गरम रेडिएटरचं झाकण तो तुम्हाला उघडू देत नाही. "तोंड भाजून घ्यायचंय काय?" म्हणजे गाडी निवेपर्यंत अर्धा तास थांबणं आलं. हा अर्धा तास म्हणजे त्याची फी.

"कुठले तुम्ही?"

"चिपळूण."

"चिपळुणात कुठं?"

"मार्कंडी."

"मार्कंडीत कोणाचे?"

असं करत करत तो तुमच्या चुलत आत्याच्या दिरापर्यंत पोचतो आणि त्याला एकदा हातखंब्याला कसं पंक्चर काढून दिलं होतं तेही सांगतो. दीर तुम्हाला आठवत नाही. त्याला पंक्चर आठवतं.

एवढ्यात दुसरा थांबतो, आणि खरी अडचण इथून सुरू होते. पहिला म्हणतो, "गरम झालीय." दुसरा म्हणतो, "छे, डिझेल चढत नाहीये." "पेट्रोलची आहे हो," मालक सांगतो. "असू द्या," दुसरा म्हणतो, "तुम्ही जरा बाजूला व्हा." तिथून पुढे गाडी त्या दोघांची. हल्लीच्या गाड्यांनी मात्र त्याचा पाणउतारा केला आहे. बॉनेट उघडलं की समोर नुसतं काळं प्लास्टिकचं झाकण! तो त्याच्याकडे दोन मिनिटं बघतो आणि गंभीरपणे सांगतो, "सेन्सर गेला." कुठला, ते विचारू नये.

शहरात याचा चुलतभाऊ राहतो. त्याला थांबायला वेळ नसतो, म्हणून तो चालत्या गाडीवरून उपकार करतो. "स्टँड! स्टँड!" "ताई, ओढणी!" ओढणीची हाक ही थट्टेची गोष्ट नाही. ती चाकात गेली की खरोखर गळ्याशी येतं, आणि ती हाक वेळेवर मारणारा मला देवमाणूस वाटतो. दिव्याचं प्रकरण वेगळं. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेतो पेटलेलाच राहतो, तो बंद करायला बटणच नाही. तरी भर उन्हात समोरून येणारे काका पाचही बोटं उघडत-मिटत "लाइट, लाइट" खुणावत राहिले. काही अजून खुणावतात. पेट्रोल संपलं तर हाच मागून येऊन तुमच्या फुटरेस्टला पाय लावतो आणि पंपापर्यंत ढकलत नेतो. वाटभर एकच पालुपद, "पन्नासचं काय टाकता हो?"

सरकारनेही त्याची दखल घेतली आहे. अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात संरक्षण मिळालं, आणि २०२० च्या नियमांनुसार पोलिसांना त्याच्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. चौकीच्या फेऱ्यांच्या धाकाने माणसं लांबूनच बघत उभी राहायची, तेव्हा हे हवंच होतं. आमच्या माणसाच्या बाबतीत मात्र अडचण उलटी आहे. कोणी विचारायच्या आत तो नाव, वाडी, तालुका आणि मेव्हण्याचा मोबाइल नंबर सांगून मोकळा होतो. सक्ती करायची झाली तर त्याने थांबावं म्हणून करावी लागेल.

अखेर गाडी सुरू होते. तुम्ही पाकिटाला हात घालता आणि त्याचा चेहरा पडतो. "हे काय साहेब? ठेवा ते. घाट उतरेपर्यंत एसी लावू नका, आणि पोचलात की फोन करा." तुम्ही हात हलवून निघता. तो टहाळा ओढून कडेला टाकतो, चाकाचा दगड पायाने गटारात ढकलतो, रस्त्यात दगड सोडून जाणाऱ्यांना एक कचकचीत शिवी हासडतो आणि हँडलला अडकवलेली मासळीची पिशवी सावरत घरी निघतो.

बायको दारातच विचारते, "आज कोणाची?" तो रेडिएटरची कथा सुरू करतो. ती ऐकता ऐकता वाटणासाठी पाटा-वरवंटा ओढते. घरचा मिक्सर शिमग्यापासून बंद आहे.