तर्री बाजूला काढून

आरोग्याचे संकल्प जानेवारीत करायचे, हे ज्याने ठरवलं त्याने खान्देशात एकही हिवाळा काढलेला नसणार. जानेवारीत धुळे जिल्ह्यातल्या आमच्या दोंडाईच्याच्या मार्केटात मिरचीच्या गाड्या लागतात, नंदुरबारकडच्या पथाऱ्या लाल होतात आणि घराबाहेर पाऊल टाकलं की आधी शिंक येते, मग भूक लागते. शेताशेतात कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजत असतात. ही काही ऐरीगैरी वांगी नव्हेत, जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे. म्हणजे भरीत सोडणं ही आता आहाराची बाब राहिलेली नाही, तो भूगोलाशी द्रोह आहे. अशा महिन्यात कुणी ‘यंदापासून तेल-तिखट बंद’ असं जाहीर केलं, की भरीत पार्टीचं पहिलं आमंत्रण त्यालाच जातं. बंद केलेला माणूस पार्टीत काय करतो, हे बघायला सगळ्यांना आवडतं.

बरं, जानेवारी टाळून पुढचा मुहूर्त धरावा तर तो कुठला? उन्हाळ्यात लग्नं, म्हणजे वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खापरावरचे मांडे आणि आमरस. सासरहून आलेल्या लेकीसमोर ‘मला गोड चालत नाही’ म्हणणारा बाप खान्देशात अजून जन्मायचा आहे. श्रावणात कानबाई देवीचा सण. तिचे रोट भाऊबंदांनीच खायचे असतात आणि संपवायचे असतात, तिथे आहारतज्ज्ञाचा कागद दाखवून चालत नाही, कानबाईला तो वाचता येत नाही. मग पोळा, मग दिवाळी, मग दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा. घोडे बघायला गेलेला माणूस जिलेबी न खाता परत आला, तर घरचे त्याची तब्येत विचारतात. एवढ्यात पुन्हा मिरचीच्या गाड्या लागतातच.

तरीही लोक सोडतात. आमच्या आळीतले आप्पाच घ्या. डॉक्टरांनी त्यांना ‘तीन महिन्यांची साखर’ तपासायला सांगितली, म्हणजे ते एचबीए१सी. ही तपासणी निघाल्यापासून आप्पांच्या पिढीचा विज्ञानावरचा विश्वास उडालेला आहे. उपाशीपोटीची साखर कशी समजूतदार होती. आदल्या रात्री खिचडीवर कच्चं तेल न घेता झोपलं की भागायचं. ही नवी तपासणी तीन महिन्यांचा हिशेब मागते. म्हणजे ऑडिटच झालं की! आणि ऑडिट आवडलेली संस्था आमच्या मुलखात शोधून दाखवा.

अहवाल बघून आप्पांनी त्याच दिवशी चौकात साखर सोडली. सोडायची गोष्ट चौकात सोडावी, घरात सोडली तर कुणाला कळत नाही. पहाटे फिरायला जाणं सुरू झालं. फिरून आल्यावर मंडळी टपरीवर बसतात, बिनसाखरेचा चहा मागवतात आणि त्यातून वाचलेल्या साखरेच्या भरवशावर पोह्यांबरोबर जिलेबी घेतात. दुसऱ्या बाजूला मक्यापासून स्टार्च आणि ग्लुकोज बनवणारा कारखाना याच गावात उभा आहे. गाव एका हाताने ग्लुकोज देशभर पाठवतं आणि दुसऱ्या हाताने चहातली साखर काढतं. याला म्हणतात निर्यातप्रधान अर्थव्यवस्था.

तेल सोडणं जरा अवघड गेलं. आप्पा ढाब्यावर बसले आणि ऑर्डर दिली, “शेवभाजी. पन तर्री कमी टाकजो रे भो, डाक्टरनी सांगेल शे.”

पोऱ्या हुशार होता. म्हणाला, “तर्री येगळी देऊ का आप्पा?”

आप्पांनी दोन घास विचार केला. “येगळी दे. पन दे.”

तर्री वाटीत वेगळी आली, बाजूला राहिली आणि भाकरीच्या शेवटच्या तुकड्याबरोबर मुक्कामी पोचली. हॉटेलवाल्याने तेल कमी टाकलं, आप्पांनी वेगळं खाल्लं, डॉक्टरांचा शब्द कुणीच मोडला नाही. शेवटी शेव स्वतः तेलात तळून आलेली असते, हे त्या टेबलावर कुणी काढलं नाही. जेवताना असले विषय काढू नयेत, असं आमच्याकडे लहानपणीच शिकवतात.

या बाबतीत महाराष्ट्राने मार्गदर्शनाची कमतरता मात्र कधी ठेवलेली नाही. २०१८ च्या आसपास अख्खं राज्य दीक्षित आणि दिवेकर या दोन पक्षांत विभागलं गेलं होतं. नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेत डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगत होते की दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर सांगत होत्या की दर थोड्या तासांनी थोडं थोडं खा, तूप टाळू नका. राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याने दीक्षितांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचं दूत केलं. त्या खात्याचे तेव्हाचे मंत्री गिरीश महाजन, म्हणजे जामनेरचे, आमच्याच खान्देशातले. वरण-बट्टीच्या मुलखाने राज्याला लठ्ठपणाविरोधी धोरण द्यावं, यापेक्षा मोठा त्याग कोणता?

दोंडाईच्यात या वादाचा निकाल सामोपचाराने लागला. दीक्षितांची पंचावन्न मिनिटं लोकांना फार पटली. पंचावन्न मिनिटांत आमच्याकडे बट्ट्यांची आख्खी पंगत उठते, दुसरी बसते आणि वाढप्यांचंही उरकतं. इतका वेळ एकट्या माणसाला शास्त्राने मोकळा करून दिला, याबद्दल कृतज्ञता व्यक्त झाली. दिवेकरांचं तूपही पटलं. एकाची वेळ घेतली, दुसरीचं तूप घेतलं, आणि दोघांच्याही पुस्तकांत ‘हे कमी करा’ असं जिथे लिहिलं होतं ती पानं शेजाऱ्याला वाचायला दिली.

मग विषय दिल्लीत गेला. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी ‘मन की बात’मधून तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं आणि पाठोपाठ लठ्ठपणाविरुद्धच्या मोहिमेसाठी ओमर अब्दुल्लांपासून श्रेया घोषालांपर्यंत दहा नामवंतांची नावं घेतली. खान्देशातलं एकही नाव नव्हतं, हा अन्याय की सुज्ञपणा यावर टपरीवर दोन मतं पडली. पण ‘दहा टक्के’ हे शब्द ऐकताच आप्पांमधला व्यापारी जागा झाला. दहा टक्के कशाच्या? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हिशेबाने माणशी वर्षाला बारा किलो तेल पुरतं. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालात आपण १९.७ किलोवर पोचलेले आहोत. त्यातून दहा टक्के काढले तरी पावणेअठरा उरतात, म्हणजे आज्ञा पाळूनही जवळजवळ सहा किलो जास्त. हे गणित कळल्यावर आप्पांनी आधी तेल थोडं वाढवलं. सूट द्यायची तर आधी भाव चढवून ठेवावा, हे मिरचीच्या मार्केटात उमर काढलेल्या माणसाला कुणी शिकवायला नको.

त्याच वर्षी जुलैत समोशाचा प्रसंग घडला. केंद्रीय आरोग्य खात्याने कार्यालयांना सुचवलं, की पदार्थांमधलं तेल आणि साखर किती हे दाखवणारे फलक लावा. नागपूरच्या एम्सचं नाव बातम्यांत आलं आणि बघता बघता समोसा-जिलेबी सिगारेटच्या पंक्तीला जाऊन बसली. मग सरकारने खुलासा केला, की विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापायचा काही आदेश नाही, ही कार्यालयांपुरती माहितीची सूचना आहे. मूळ सूचना आप्पांच्या वाचनात आली नाही. खुलासा मात्र त्यांनी कापून पाकिटात ठेवला आहे.

पण आप्पांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण सोडण्याच्या कलेत त्यांचा गुरू खुद्द राज्य सरकार आहे. महाराष्ट्राने २०१२ च्या जुलैत गुटखा सोडला. अन्नसुरक्षा कायद्याखालची ती बंदी एका वेळी एका वर्षापुरती घालता येते, म्हणून सरकार दरवर्षी तो नव्याने सोडतं. आप्पाही दरवर्षी सोडतात. दोघांचाही निर्धार सारखाच पक्का असतो. मध्य प्रदेशाने आमच्याही आधी सोडला, गुजरातने त्याच वर्षी सोडला. म्हणजे आमच्या जिल्ह्याला टेकलेल्या दोन्ही राज्यांत बंदी, आमच्याकडे बंदी, आणि तरी पोलिसांनी पकडलेल्या गुटख्याच्या ट्रकचा फोटो पेपरात येतोच. तो ट्रक कुठून निघतो आणि कुठे चाललेला असतो, यावर बहुधा स्वतंत्र अध्यात्म लागत असावं. टपरीवर पुडी मागितली तर टपरीवाला आधी ‘बंद शे’ म्हणतो, मग वर-खाली बघतो, मग जास्तीचे पैसे घेतो. बंदीने गुटखा महाग झाला, आणि महाग वस्तू सोडायला माणसाला जास्त जड जाते.

इथे विनोद जरा अडखळतो. सुपारी-तंबाखूने गालाच्या आतली कातडी आखडत जाते आणि तोंड उघडेनासं होतं. उभी तीन बोटं तोंडात जातात का, एवढी साधी परीक्षा दवाखान्यात करतात. आमच्या गावच्या कट्ट्यावर ती करून बघा. विशी-पंचविशीतली पोरं आधी हसतात, मग दुसऱ्या बोटाला थांबतात. तिखट त्यांना तेव्हाच सोडावं लागतं, कुठल्याही संकल्पाशिवाय, कारण ते तोंडात ठेववत नाही. मिरचीच्या गावात मिरची न सोसणारी पोरं, ही प्रगती आम्ही बंदीच्या काळात करून दाखवली आहे.

शास्त्राधार हवाच असेल तर तोही जिल्ह्यातलाच आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. त्या गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे प्रकार सांगितलेत. राजस माणसाला काय आवडतं? आंबट, खारट, फार गरम, तिखट, जळजळ करणारं. शहादा रस्त्यावरच्या ढाब्याचा फळा कुरुक्षेत्रावर कसा पोचला, हे कोडं आहे. असल्या खाण्याने पुढे दुःख आणि रोग येतात, असंही तिथे म्हटलंय. हे आप्पांना वाचून दाखवलं तर त्यांनी पुढचाच श्लोक पकडला. तामस म्हणजे शिळंपाकं. “आपुन ताजंच खातस ना भो, म्हंजे तामस नहीं,” असं म्हणून त्यांनी मधला वर्ग मिळाल्याच्या समाधानात रस्सा मागवला.

आता एक प्रश्न राहतो, खान्देशी माणसाला खरंच काही सोडता येत नाही का? येतं की! फार सहज येतं. तापीकाठच्या काळ्या जमिनीतली दादर ज्वारी आम्ही सोडली, एकही शपथ न घेता. उडीद-ज्वारीची कळण्याची भाकरी रोजच्या ताटातून काढून भरीत पार्टीपुरती ठेवली, म्हणजे वर्षातून फोटो काढण्यापुरती. अंबाडीची भाजी सोडली, तांदुळजा सोडला. शेतावर पायी जाणं सोडलं, मोटरसायकल बांधापर्यंत जायला लागली. यातलं काहीही सोडताना कुणी डॉक्टरकडे गेलं नाही, चौकात घोषणा केली नाही, व्हॉट्सअॅपवर गट काढला नाही. जे पोटाला धरून होतं ते हातातून गेलं तेव्हा आवाजही झाला नाही. देशात दहा कोटी लोकांना मधुमेह असल्याचं आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आलं. त्यात आमचाही वाटा असणारच, खान्देश मागे राहणाऱ्यातला नाही.

योगायोगाने २०२३ हेच संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष होतं, तेही भारताच्याच प्रस्तावावरून. तेव्हापासून ज्वारी परत आली आहे. आता ती पाकिटात येते, बिस्किटाच्या रूपात, पाकिटावर हिरवं पान आणि आत साखर. आप्पांच्या मुलाने पुण्याहून असा एक डबा पाठवला. ज्या पिकाच्या खळ्यावर आप्पा लहानपणी झोपले, ते त्यांनी चहात बुडवून खाल्लं आणि ‘पौष्टिक शे’ असा अभिप्राय दिला.

या सगळ्या मोहिमेत एक खातं कुणाच्याच नजरेत येत नाही, ते म्हणजे आप्पांच्या घरच्या काकूंचा स्वयंपाक. आप्पांनी तेल सोडलं त्या दिवसापासून घरात दोन भाज्या होतात. एक आप्पांसाठी, फोडणीला तेल दाखवून पुसून घेतल्यासारखी. दुसरी बाकीच्यांसाठी, नेहमीची. आप्पा ताटावर बसतात, आपली भाजी चाखतात, ‘मीठ कमी शे’ म्हणतात आणि नुसती चव बघायला दुसरी वाटी पुढे ओढतात. ती चव नीट कळेपर्यंत वाटी संपते. मागून काकू बसतात. उरलेलं काय, तर आप्पांची बिनतेलाची भाजी आणि मुलांनी न खाल्लेली भाकरी. टाकून देणं त्यांना जमत नाही, म्हणून त्या रोज तेच जेवतात. फिरायला जायला त्यांना सवड नाही, पण घरातल्या घरात दिवसभरात होणारं चालणं आप्पांच्या टपरीपर्यंतच्या चालण्याला भारी आहे.

परवा दोघांच्या तपासण्या एकदमच झाल्या. आप्पांची साखर चार आकडे खालीवर करून होती तिथेच आहे. काकूंची सुधारली. डॉक्टरांनी आप्पांचं मनापासून अभिनंदन केलं. म्हणाले, घरातल्या कर्त्या माणसाने पथ्य पाळलं की सगळ्या घराला फायदा होतो. आप्पांनी मान डोलावली आणि पुढच्या महिन्यापासून मीठ सोडायचं ठरवलं आहे. काकूंनी तिसरं पातेलं काढून ठेवलंय.